पडसाद उमटले... म्हणजे नेमकं काय झालं?

परवा मामाने माझी विकेट काढली. तीही लाल पेन्सिलने!

कट टू वालावल. कुडाळ तालुक्यातलं माझ्या आईचं माहेर. रात्रीची कोकणकन्या पकडायची, सकाळी कुडाळला डोळे चोळत उतरायचं, रिक्षात बॅग कोंबायची आणि माड-पोफळींच्या सावलीतून थेट मामाच्या खळ्यात. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, देवळाला लागून तलाव, मागे हिरवागार डोंगर आणि मोबाइलला रेंजची एकच काडी. डेडलाइनने पिचलेल्या जिवाला आणखी काय हवं?

मामा रिटायर्ड मास्तर. भाचीचं नाव पेपरात छापून आलं की कात्रण कापून फाइलला लावतो. मला वाटायचं, कौतुकाने. ते तर आहेच, पण मास्तरांची जुनी सवयही असते ना! घावण्यांचा दुसरा राउंड चालू असताना त्याने फाइल उघडली. माझा शेअर बाजारावरचा चारशे शब्दांचा लेख. मथळा, ‘अमेरिकेतील घडामोडींचे दलाल स्ट्रीटवर तीव्र पडसाद’. आणि लेखात पाच ठिकाणी लाल गोल. पाचही गोलांत एकच शब्द. पडसाद.

“गे, ह्या तूच लिवलंस मां?”

“हो.”

“मगे माका सांग, पडसाद उमटले म्हणजे नेमका काय झाला? कोणी विकल्यान? कोणी घेतल्यान? माझे पैशे कित्याक कमी झाले?”

मामाची एक छोटीशी एसआयपी आहे. प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, “म्हणजे... इम्पॅक्ट झाला, मामा.”

“ता इंग्रजी झाला. काय झाला, ता सांग.”

मास कम्युनिकेशनची डिग्री, सहा वर्षांचा अनुभव, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण खरं सांगायचं तर तो लेख लिहिताना मलाच माहीत नव्हतं.

आता आमच्या धंद्यातलं एक सीक्रेट सांगते. ‘पडसाद’ हा आमच्या किचनमधला खायचा सोडा आहे. चिमूटभर टाकला की कॉपी मस्त फुगते. कोर्टाचा निकाल लागला? राजकीय वर्तुळात पडसाद. कुठे काही वाईट घडलं? विधिमंडळात पडसाद. एखादा क्रिकेटर काहीतरी बोलला? सोशल मीडियावर तीव्र पडसाद. रात्री साडेनऊला डेस्कवरून फोन येतो, “अगं, शंभर शब्द कमी पडतायत, जरा पडसाद टाक ना.” टाकते मी. फोन न फिरवता, खुर्चीतून न उठता.

आणि त्या शब्दाचं व्याकरण बघा कसं सोयीचं आहे. पडसाद ‘उमटतात’. कोणी ते ‘उमटवत’ नाही. वाक्यात माणूसच नाही! बोललं कोण, किती जण बोलले, कशाच्या आधारावर बोलले, सगळं गुल. वाचकाला वाटतं, बापरे, मोठंच काहीतरी झालेलं दिसतंय. प्रत्यक्षात कधी कधी एका नेत्याचं ट्वीट असतं आणि त्याच्याच तीन कार्यकर्त्यांनी ते पुढे ढकललेलं असतं.

संध्याकाळी मामा मला तलावाकाठी घेऊन गेला. म्हणाला, “घाल बघू एक साद.” मी दोन्ही हात तोंडाशी धरून जोरात ओरडले, “मा...मा...!” समोरच्या झाडावरचा खंड्या तेवढा उडाला. बाकी शांतता. परत काही म्हणजे काही आलं नाही.

“बघलंस? साद घातली म्हणजे पडसाद येतलोच, असा नाय.”

नववीचं विज्ञान आठवलं. २२ अंश तापमानाला हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४४ मीटर जातो. एकदा ऐकलेला आवाज आपल्या मेंदूत सेकंदाचा दहावा भाग रेंगाळतो. त्यामुळे परत आलेला आवाज वेगळा ऐकू यायला समोरचा अडथळा किमान १७.२ मीटर लांब हवा. नुसतं अंतर असून भागत नाही. तो टणक हवा, कडा किंवा भिंत. पानं, गवत, झाडी आवाज खाऊन टाकतात. वालावलच्या झाडीने माझा ‘मामा’ असाच गट्टम केला होता.

थोडक्यात काय, प्रतिध्वनीलाही अटी असतात. बातमीतल्या पडसादाला मात्र एकही नाही. कोणी साद घातली, ती कुठे आदळली, परत काय आलं, काही न बघताच आम्ही ‘उमटले’ लिहून मोकळे.

शिवाय खऱ्या प्रतिध्वनीचा एक गुण असतो. तो मूळ आवाजापेक्षा लहानच होत जातो. विजापूरच्या गोलघुमटात शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनीच ओरडून घेतलंय. १६५६ मध्ये पूर्ण झालेली मुहम्मद आदिलशहाची कबर. वरच्या सज्जात एक टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. पण प्रत्येक वेळी आणखी बारीक होऊन.

आता हे शेअर बाजाराला लावा. १५ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. मी तेव्हा शाळेत होते, जुन्या बातम्या पुढे कामासाठी वाचल्या. जिथे तिथे पडसादच पडसाद. पण झालं काय होतं? परदेशी वित्तसंस्थांना आपल्या घरची भोकं बुजवायला रोख रक्कम हवी होती. म्हणून त्यांनी त्या वर्षी भारतातले शेअर धडाधड विकले. विकून आलेल्या रुपयांचे डॉलर घेतले, त्यामुळे इकडे रुपयाही घसरला. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरअखेरच्या एका दिवशी व्यवहार चालू असताना ८ हजारांच्याही खाली आला होता. हा प्रतिध्वनी नव्हे, बॉस! इथे माणसं होती, निर्णय होते, विक्रीच्या ऑर्डरी होत्या. मामाला नेमकं हेच हवं होतं. कोणी विकल्यान आणि कित्याक? माझ्या लेखात त्या जागी फक्त एक घुमणारा शब्द होता.

इथवर तुम्ही म्हणाल, चलता है, एका शब्दाने कोणाचं काय बिघडतं? मीही असंच म्हणायचे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत.

तेव्हा मी एका बिझनेस पानासाठी इंग्रजी कॉप्या मराठीत करायचे. इंग्रजी बिझनेस बातमीत ‘एकोज’ आणि ‘एकोड’ ही क्रियापदं पावलोपावली भेटतात. एक साहेब काहीतरी म्हणतात, लगेच दुसरे साहेब त्यांचं म्हणणं ‘एको’ करतात. सारखं ‘म्हणाले, म्हणाले’ लिहायचा कंटाळा येतो म्हणून इंग्रजी पत्रकाराने केलेली ही सोय. मथळ्यात जागाही कमी खाते.

त्या दिवशीच्या कॉपीत एका कारखान्याची बातमी होती. व्यवस्थापनाचे अधिकारी म्हणाले होते की, कामगारांनी स्वखुशीने राजीनामे दिले. पुढच्या ओळीत, कारखान्याला माल पुरवणाऱ्या एका व्यावसायिकाने तेच ‘एको’ केलं होतं. घड्याळात दहा वाजले होते. मी लिहिलं, ‘त्यांच्या म्हणण्याला स्थानिक पुरवठादारानेही दुजोरा दिला.’ वाक्य कसं खणखणीत वाटलं!

दोन दिवसांनी एका बाईंचा फोन आला. राजीनामा दिलेल्यांपैकी एक. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. “मॅडम, दुजोरा दिला म्हणजे त्यांनी बघितलं होतं का? ते तर त्या दिवशी गेटवरसुद्धा नव्हते. आमच्याकडून सह्या कशा घेतल्या ते आम्हाला माहीत. आता जिथे जाऊ तिथे लोक तुमचा पेपर पुढे करतात. म्हणतात, दोघांनी सांगितलंय, मग खरंच असणार.”

मी मूळ इंग्रजी कॉपी पुन्हा काढली. पुरवठादार एवढंच म्हणाले होते की, कंपनी म्हणतेय तसंच असेल, कोणावर सक्ती झाली असं वाटत नाही. ते काही बघून सांगत नव्हते. ऐकलेलं परत बोलत होते. मी एका शब्दाने त्यांना साक्षीदार करून टाकलं होतं. पेपरने दुरुस्ती छापली, आतल्या पानावर, दोन ओळी. त्या बाईंना मी कळवलं. त्या “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला. तो ‘बरं’ मला अजून ऐकू येतो. खरा पडसाद म्हणतात तो हाच असावा.

गंमत बघा, इंग्रजीत एक ‘एको’ टाकला की काम भागतं. मराठीत तसं जमत नाही. मराठी तुम्हाला थांबवून विचारते, बाई गं, नेमकं काय झालं? दुसऱ्याला गोष्ट स्वतःहून माहीत होती आणि त्याने ती खरी असल्याचं सांगितलं, तर ‘दुजोरा दिला’. त्याला फक्त पटली, तर ‘सहमती दर्शवली’. बैठकीत रीतसर ठरावाला पाठिंबा दिला, तर ‘अनुमोदन दिलं’. स्वतःचंच म्हणणं परत सांगितलं, तर ‘पुनरुच्चार केला’. साहेबांचा मूड बघून त्यांच्यासारखंच बोलला, तर ‘सुरात सूर मिसळला’. आणि डोकं गहाण ठेवून बोलला, तर ‘री ओढली’. एका इंग्रजी शब्दासाठी सहा दारं. चुकीचं उघडलं की कोणाच्या तरी घरात भलताच माणूस शिरतो.

आणखी एक गंमत मामाने सांगितली. ‘पडसाद’ आला संस्कृतमधल्या ‘प्रतिशब्द’ वरून. प्राकृतात त्याचा झाला ‘पडिसद्द’, मराठीत ‘पडसाद’. आणि आज आपण ‘प्रतिशब्द’ म्हणतो ते कशाला? एका भाषेतल्या शब्दासाठी दुसऱ्या भाषेत शोधलेल्या शब्दाला! म्हणजे मी ‘एको’ला प्रतिशब्द शोधत होते तेव्हा मी त्याचा पडसादच शोधत होते. मास्तर लोकांचे जोक असेच असतात. दोन दिवसांनी हसू येतं.

मामा मग जिल्ह्याच्या अभिमानावर आला. बाळशास्त्री जांभेकर आमच्याच सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी ‘दर्पण’ सुरू केलं, मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. म्हणूनच ६ जानेवारीला आपल्याकडे पत्रकार दिन असतो. १८४० मध्ये ते बंद झालं. हे सगळं आम्हाला फर्स्ट इयरला होतं, परीक्षेपुरतं. पण दर्पणच्या पानावर दोन रकाने असायचे, एक इंग्रजी आणि एक मराठी, शेजारी शेजारी. ज्याला दोन्ही भाषा येत होत्या तो तिथल्या तिथे ताडून बघू शकत होता. आज माझ्या वाचकासमोर इंग्रजी रकाना नसतो. मी ‘दुजोरा’ लिहिला की त्याच्यासाठी तो दुजोराच. ताडून बघायचं काम आता माझ्या एकटीवर आलंय, आणि ते मी रात्री दहाला, पिझ्झा खात करत होते.

रात्री शेजारच्या घरात भजन होतं. सिंधुदुर्गात भजन म्हणजे काय चीज आहे ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. पुढे पेटीवर बुवा, पखवाजाला एक उत्साही तरुण, मागे टाळ घेतलेला आठ-दहा जणांचा कोरस. बुवांनी ओळ टाकली की मागचे ती उचलतात, पुन्हा पुन्हा घोळवतात. अख्खं घर भरून जातं. मी बराच वेळ फक्त कोरसकडे बघत होते. दहा जण गातायत, पण तिथल्या शेंबड्या पोरालाही पक्कं माहीत असतं की ओळ बुवांची आहे. दहा जणांनी गायला म्हणून एका अभंगाचे दहा अभंग होत नाहीत!

भजनात हे सगळ्यांना कळतं. मोबाइलवर कळत नाही. एकच गोष्ट चार ग्रुपवरून आली की आपल्याला वाटतं, चार जणांना माहीत आहे. ओळ कोणाची ते कोणी विचारत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात हेच झालं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवरून गावोगाव पोचली होती. भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. देशात तेव्हा ठिकठिकाणी असे बळी जात होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायचं जाहीर केलं. मर्यादा आकड्याची आली. ‘सगळे म्हणतायत’ म्हणजे ‘खरं आहे’ नव्हे, ही मर्यादा ज्याची त्याने घालून घ्यायची.

खूपच सीरियस झालं का? मग आपल्या एसी कॉन्फरन्स रूममध्ये येऊ या. सोमवार, सकाळचे अकरा. सर म्हणतात, “मला वाटतं, हे प्रॉडक्ट चालणार.” लगेच डावीकडून, “सरांनी म्हटल्याप्रमाणे, चालणारच!” उजवीकडून, “मी सरांना अॅड करेन की, नक्की चालणार.” कोपऱ्यातून, “प्लस वन.” मिनिट्समध्ये जातं, ‘टीमचं एकमत झालं.’ कसलं एकमत? मत एकाचं, बाकी गोलघुमट! सहा महिन्यांनी प्रॉडक्ट आपटलं की सर विचारतात, “तेव्हा कोणीच कसं बोललं नाही?” बोलले होते ना सर. तुमचंच तुम्हाला ऐकवत होते.

आपल्या सगळ्यांनाच कधी ना कधी री ओढावी लागते. अप्रेजल जवळ आलेलं असतं, होम लोनचा हप्ता असतो, ते मी समजू शकते. पण निदान मनातल्या मनात हिशेब स्वच्छ असावा. हे मला स्वतःला माहीत आहे, की मी नुसतं परत बोलतेय? त्या फोननंतर मी लॅपटॉपवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली होती, ‘दुजोरा जपून’. मामाच्या पेन्सिलनंतर तिच्याखाली आणखी तीन प्रश्न आले. आधी कोण बोललं? दुसऱ्याला ते कुठून कळलं? आणि पुढे प्रत्यक्ष काय घडलं? तिन्हींची उत्तरं मिळाली की ‘पडसाद’ लिहायची गरजच उरत नाही, असं लक्षात आलंय. पण शब्द छान आहे, टाकून देऊ नका. एखादी आठवण, एखादं जुनं गाणं मनात उमटत राहतं ना, तिथे तो शोभतो. कामाच्या चुकारपणाला त्याला जुंपू नका, इतकंच.

मुंबईत परतल्यावर आठवड्याच्या आत डेस्कवरून फोन आलाच. “बाजार पडलाय. पडसाद टाक, अर्ध्या तासात दे.” मी तीन फोन लावले. एका ब्रोकरने कोणते शेअर कोणी विकले ते समजावून सांगितलं. दुसरा म्हणाला, “मलाही टीव्हीवरच कळलं.” त्याला सोडून दिलं. तिसऱ्याने उचलला नाही. कॉपी दीडशे शब्द कमी भरली, संपादकांची कुरकुर झाली आणि उरलेल्या जागेत गाद्यांच्या सेलची जाहिरात लागली.

रविवारी वालावलवरून फोन. आवाज तुटत होता, एका काडीची रेंज.

“बारीकसाच लिवलंस यंदा.”

“हो मामा.”

“पण कोणी विकल्यान ता कळला.” मग थोडं थांबून म्हणाला, “कात्रण लावलंय. गादीची जाहिरात कापून टाकलंय.”